पत्र्याचं घर, मावशी आणि सहा हजार रुपये: आधी काय करू?

जिंतूरकर (१८ मार्च)

मंडळी, सल्ला हवाय.

माझी मावशी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. वय ६४. दोन एकर कोरडवाहू, दोन शेळ्या. घर म्हणजे वीस बाय बाराची एक खोली, विटांच्या भिंती, वर लोखंडी पत्रे. पुढे ओसरी, तिथेच चूल. उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. बाकी सगळा स्वयंपाक तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर.

विजेचं बिल हिवाळ्यात ५० युनिटच्या आत, उन्हाळ्यात मात्र १०५-११०. मागच्या मे महिन्यात मी दोन दिवस राहिलो. दुपारी तीनला घरात बसवेना, बाहेर कडुनिंबाखाली बरं वाटत होतं. मावशी म्हणाली, "आमाला सवय हाय." सवय कसली डोंबलाची, रात्रभर पदराने वारा घेत होती.

माझ्याकडून तिने सहा हजार घ्यायचं कबूल केलंय, त्यावर एक रुपया नाही. पंखा बदलू? सुधारित चूल आणू? कूलर? सोलर? आधी काय?

---

टोणगा (१८ मार्च)

आधी मावशीला पुण्याला आणा.

---

जिंतूरकर (१८ मार्च)

आणली होती. नवव्या दिवशी पळाली. म्हणे तुमच्याकडं सकाळी कोणी बोलतच नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा (१८ मार्च)

भाऊ, अकोल्यात मे महिन्यात पत्र्याखाली माणूस नाही, पापड भाजून निघते. कूलर घ्या. लोखंडी बॉडीचा, वाळ्याच्या ताट्यांचा. प्लास्टिकचे खेळणे घेऊ नका. खिडकीत बाहेरून बसवा आणि समोरचं दार उघडं ठेवा, नाहीतर घरात नुसता दमटपणा होते.

---

सोनचाफा (१८ मार्च)

आणि कूलरमध्ये घालायला पाणी? एप्रिल-मेमध्ये तिकडे पाणी कुठून आणतात ते विचारा मावशींना. माझ्या सासरी (बीड जिल्हा) कूलर होता, तो मे महिन्यात कोपऱ्यात उभा आणि त्यावर अंथरुणाच्या वळकट्या. कडक उन्हाळ्याच्या दुपारी कूलर सहज चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो. ते डोक्यावरून आणायचं असेल तर हिशेब वेगळा होतो.

---

वऱ्हाडी_ठेचा (१८ मार्च)

हे बरोबर बोलल्या ताई. आमच्याकडे नळ हाय म्हणून सुचलं नाही.

---

फ्यूजवायर (१९ मार्च)

थोडं गणित करूया. जिंतूरकर, घरात नेमकं काय काय चालतं ते लिहा. बल्ब कोणते, पंखे किती, टीव्ही कसा, सेटटॉप बॉक्स रात्री बंद होतो का.

---

जिंतूरकर (१९ मार्च)

फोन करून विचारलं. पिवळे बल्ब तीन, साठचे. (योजनेतले एलईडी मिळाले होते, दोन वर्षांत गेले, मग गावच्या दुकानातून वीस रुपयांचे पिवळे आणले.) एक छताचा पंखा, एक टेबल फॅन. जुना डबा टीव्ही गेला, आता पोराने दिलेला छोटा एलईडी टीव्ही. सेटटॉप बॉक्स कधीच बंद होत नाही. त्याचा लाल दिवा रात्री देवापुढच्या दिव्यासारखा बरा वाटतो असं तिचं म्हणणं.

---

फ्यूजवायर (१९ मार्च)

हे बघा, मे महिन्याचं:

छताचा पंखा ७५ वॅट, रोज १८ तास धरले तर महिन्याला ४० युनिट. टेबल फॅनही तेवढाच धरू, ८ तास, १८ युनिट. तीन बल्ब रोज पाच तास, २७ युनिट. टीव्ही ६. सेटटॉप बॉक्स दहा वॅटचा धरला तरी चोवीस तास म्हणजे ७ युनिट. मोबाइल वगैरे किरकोळ. बेरीज शंभरच्या आसपास. तुमच्या बिलाशी जुळतंय.

आता तीन बल्ब नऊ वॅटचे एलईडी केले की २७ युनिटचे ४ होतात. खर्च तीनशे रुपये. सेटटॉप बॉक्सचं बटण बंद करा, आणखी ५ युनिट. लाल दिव्याची सोय देवापुढे वेगळी करा. झाला तुमचा उन्हाळा ८० युनिटच्या आत.

पंखा नंतर. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅटचा, म्हणजे ४०चे १६ युनिट होतील. पण किंमत अडीच-तीन हजार. पहिल्या टप्प्यातलं (शंभरपर्यंतचं) युनिट सगळे आकार धरून सात रुपयांच्या आसपास पडतं. पूर्ण उन्हाळ्यात महिन्याला दीडेकशे वाचतील, पावसाळ्यात त्याहून कमी आणि हिवाळ्यात काहीच नाही. पैसे वसूल व्हायला तीन वर्षं.

---

आडगाव_बुद्रुक (१९ मार्च)

शंभरच्या वर एक युनिट गेलं की अख्खं बिल डबल दराने येतं. त्यामुळे शंभरच्या आत राहणं हेच मुख्य. आमच्या गावात लोक महिनाअखेरीला मीटर बघून पंखा बंद करतात.

---

निवृत्त_वायरमन (१९ मार्च)

ही अफवा मी नोकरीत असल्यापासून ऐकतोय. ३१ वर्षं खांबावर चढलो, आता इथे टंकतो.

अख्खं बिल वरच्या दराने लागत नाही. पहिली १०० युनिटं खालच्याच दराने, १०१व्या युनिटापासून पुढची तेवढी वरच्या दराने. ११० युनिट आले तर दहाच युनिटांना जास्त दर. तो दुपटीच्या वर आहे हे खरं, पण दहा युनिटांसाठी म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करू नका.

दुसरं. रीडिंग ३० ऐवजी ४० दिवसांनी झालं तर टप्पाही त्या प्रमाणात वाढवून धरतात. बिलावर मागची आणि चालू रीडिंगची तारीख असते, ती बघायची सवय लावा.

तिसरं. पंख्याचा रेग्युलेटर जुना, लाडवाएवढा, हात लावला की गरम लागणारा असेल तर पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटर तापवण्यात जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनशेच्या आत मिळतो. आणि एलईडी दोन वर्षांत गेले म्हणजे व्होल्टेज वरखाली होतंय. मीटरपाशी न्यूट्रल ढिला आहे का ते माहितगार माणसाकडून बघून घ्या. स्वतः हात घालू नका.

---

सूर्यमुखी (१९ मार्च)

एवढं वॉट वॉट मोजण्यापेक्षा छतावर सोलर लावा ना! फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. एका किलोवॅटला ३० हजार अनुदान, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. बिल शून्य.

---

फ्यूजवायर (१९ मार्च)

अनुदान नंतर खात्यात येतं, पॅनेलवाल्याला आधी द्यायचे कुठून? बजेट सहा हजार आहे, साठ नाही.

---

सोनचाफा (१९ मार्च)

शिवाय घर कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढला की कळतं, तो बहुतेक गेलेल्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. विधवा बाईला त्यासाठी किती चकरा माराव्या लागतात ते मी जवळून बघितलंय. योजना वाईट नाही, पण मे महिना दीड महिन्यावर आलाय.

---

उंबरठा (२० मार्च)

सगळा घोळ पत्र्याने केलाय. आमच्या आजोळी माळवद होतं. सागवानी तुळया, त्यावर किलच्या, त्यावर निंबाचा पाला आणि वर हातभर माती. भर वैशाखात आत शिरलं की अंगावर गार चादर पडल्यासारखं व्हायचं. धाब्याला मधोमध साणं, उजेड आत आणि धूर बाहेर. बापजाद्यांना कळत होतं. आपण शहाणे झालो आणि भट्टीत राहायला गेलो.

---

औसा_लातूर (२० मार्च)

उंबरठा, तुमच्या गार चादरीबद्दल एक सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी अकरा वर्षांचा होतो. किल्लारीपासून आमचं गाव लांब नाही. आमच्याकडे जी माणसं गेली त्यातली बहुतेक त्याच हातभर मातीखाली आणि दगडी भिंतींखाली गेली. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, जुनी कोणी काढायचं नाही, छताचं वजन वाढतच जायचं.

त्यानंतर आमचे वडील पत्र्याखालीच झोपले. उकाड्याने तळमळायचे, पण म्हणायचे, पत्रा पडला तर टेंगूळ येईल, माणूस राहील. लोकांनी पत्रा हौसेने घेतला नाही.

---

उंबरठा (२० मार्च)

चुकलंच माझं. हा विचार केला नव्हता.

---

औसा_लातूर (२० मार्च)

तुमचं चुकलं नाही हो. गार होतं हे खरंच आहे. मलाही आठवतं.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे. माझं मत, सगळे पैसे पत्र्यावर घाला. उष्णता वरून येते, ती तिथेच अडवायची. पत्रा पांढरा करा. आम्ही जनावरांच्या गोठ्यावर केलं होतं, म्हशी दुपारी धापा टाकायच्या त्या कमी झाल्या. मग बायको म्हणाली, म्हशींचं झालं, आता माणसांचं बघा.

---

वऱ्हाडी_ठेचा (२० मार्च)

चुना मारा. दहा किलो चुना, त्यात थोडा फेव्हिकॉल. झाडूने ओढा. स्वस्तात मस्त.

---

फ्यूजवायर (२० मार्च)

सिमेंटच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर चालेल. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि ओला चुना जस्ताला खातो. शिवाय पहिल्या वळवाला निम्मा धुऊन जातो. लोखंडी पत्र्याला बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन रंग बरा, किंवा उन्हासाठीचा म्हणून मिळतो तो. आधी पत्रा घासून धुवायचा, गंज असेल तिथे प्रायमर, मग दोन हात. पांढराशुभ्रच हवा. क्रीम, पोपटी असले लाड नकोत.

---

निवृत्त_वायरमन (२० मार्च)

चढणाऱ्याने पत्र्याच्या मधे पाय देऊ नये. स्क्रूची ओळ जिथे दिसते तिथे खाली आडवा पाइप असतो, त्या ओळीवर फळी टाकून चालायचं. सिमेंटचा पत्रा असेल तर फळीशिवाय अजिबात नाही, तो न सांगता फुटतो. काम सकाळी सहाला सुरू, नऊला खाली. आणि सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) पत्र्याला घासत नाही ना ते आधी बघा. घासत असेल तर रंग राहू द्या, आधी वायरमन बोलवा. ओल्या पत्र्यात करंट उतरून माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

---

आडगाव_बुद्रुक (२१ मार्च)

पत्र्यावर उसाचं पाचट टाकतात आमच्याकडे. फुकटात गारवा.

---

सोनचाफा (२१ मार्च)

ओसरीत चूल आहे. वर वाळकं पाचट. नको. त्यापेक्षा खालून जुनी लुगडी ताणा. चार साड्या शिवून एक करायची आणि पत्र्याच्या वीतभर खाली तारेवर ताणून बांधायची, चुलीकडची बाजू सोडून. मधली हवा तापते, पण थेट डोक्यावर झळ येत नाही. फक्त दोन्ही टोकांना पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट बोळे कोंबून बुजवू नका, गरम हवा तिथूनच निघून जाते. उंदीर येतात म्हणून बुजवतात. तिथे जाळी मारा. थर्माकोल तर लावूच नका, पेट घेतो आणि उंदरांचं माहेरघर होतं.

---

टोणगा (२१ मार्च)

आमच्या मातोश्रींनी लग्नातला शालू ताणला होता. वडील म्हणाले, निदान आता रोज दिसतो.

---

कोकमसार (२२ मार्च)

चुलीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी.

कोकणात आमच्याकडे ऐंशीच्या दशकात निर्धूर चुली आल्या होत्या, धुराड्यासकट. पहिली दोन वर्षं सगळे खूश. मग धुराड्यात काजळी साठली, ती काढायची कोणी? धूर उलटा घरात यायला लागला. आईने एक दिवस धुराड्याचा पाइप काढून गोठ्याच्या पन्हळीला जोडला, तिथे तो वीस वर्षं टिकला.

दुसरी गंमत अशी की धूर बंद झाला तसे वाशांना भुंगे लागले. माळ्यावर वाळत ठेवलेलं लाकूड ओलं राहायला लागलं. आमसुलं, बियाणं, सगळं चुलीवरच्या धुरात टिकायचं. पुण्यामुंबईहून येणाऱ्यांना धूर म्हणजे नुसता खोकला दिसतो. खोकला होताच, आई अजून धापा टाकते. पण धूर घरात काहीतरी कामही करत होता. ते काम दुसऱ्या कशाने होणार ते न सांगता चूल बदला म्हटलं की बाई मान डोलावते आणि जुनीच पेटवते.

---

सोनचाफा (२२ मार्च)

शंभर टक्के. आणि "चुलीवरच्या भाकरीची चव" हे पुरुषांचं कारण आहे. बाईचं कारण म्हणजे सिलिंडरला एकदम आठ-नऊशे रुपये लागतात, अनुदानाचे तीनशे मागाहून येतात, आणि तुराट्या शेतात फुकट पडलेल्या असतात.

चूल तीच ठेवून निम्मं सरपण वाचवायच्या युक्त्या सांगते, आमच्या शाळेच्या आहारवाल्या मावशींकडून शिकलेल्या. डाळ तीन-चार तास भिजवायची. भांड्यावर झाकण, झाकणावर पाणी, तेच गरम पाणी आमटीत ओतायचं. भात-डाळीला एक सणसणीत उकळी आली की पातेलं उतरवून कडबा किंवा भुसकट भरलेल्या टोपलीत ठेवायचं, वर गोधडी. तासाभरात आपोआप शिजतं, चूल विझलेली असते. आणि वैल, म्हणजे चुलीला जोडलेलं मागचं तोंड! हल्ली लोक वैलाशिवायच्या चुली घालतात. समोर भाकरी आणि मागे वैलावर अंघोळीचं पाणी, एकाच जाळात.

---

फ्यूजवायर (२२ मार्च)

झाकणाला दुजोरा. उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर बरीच उष्णता जाते, इंधन लाकूड असो की गॅस. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते असं धरतात. चांगली सुधारित चूल वीस-पंचवीसपर्यंत जाते.

फलटणला डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने सराई कुकर केला होता. उसाच्या पाचटाच्या कोळशाच्या कांड्या, शंभरेक ग्रॅममध्ये एका कुटुंबाचा वरण-भात-भाजी. पाचट शेतात जाळून टाकायचं त्यातून इंधन. त्याला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कारही मिळाला होता. कल्पना झकास, पण कांड्या तुमच्या गावात मिळायला हव्यात.

---

सूर्यमुखी (२२ मार्च)

गोबरगॅस?

---

कोकमसार (२२ मार्च)

आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच घरी चालतो, अगदी उत्तम. पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ४०-५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. मावशींकडे दोन शेळ्या आहेत. लेंड्यांवर चहासुद्धा होणार नाही.

---

आडगाव_बुद्रुक (२३ मार्च)

अंघोळीच्या पाण्यासाठी ठिबकची जुनी काळी नळी पत्र्यावर गोल गुंडाळून ठेवा. दुपारी हात भाजेल असं पाणी येतं.

---

फ्यूजवायर (२३ मार्च)

१६ एमएमच्या शंभर मीटर नळीत जेमतेम चौदा-पंधरा लिटर पाणी मावतं. एक बादली, तीही दुपारी. आणि पांढऱ्या केलेल्या पत्र्यावर काळं वेटोळं. काळा ड्रम अंगणात उन्हात ठेवला तर तेच काम होईल.

---

टोणगा (२३ मार्च)

दुपारी तीन वाजता कडकडीत पाण्याने अंघोळ, परभणीत, मे महिन्यात. ज्याने सुचवलं त्यालाच पहिला मान.

---

आडगाव_बुद्रुक (२३ मार्च)

हिवाळ्यासाठी म्हणालो हो!

---

शेजारचा_स्लॅब (२४ मार्च)

उशिरा आलो. मावशींना घरकुल मिळतंय का बघा. १ लाख २० हजार तरी मिळतात, २५ चौरस मीटर, पक्कं घर.

---

औसा_लातूर (२४ मार्च)

माझ्या भावाने घेतलं, स्लॅब टाकला. दुपारी पत्र्यापेक्षा बरं, पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री एक-दोनपर्यंत ओकत बसतो. पत्रा निदान दिवस मावळल्यावर तासाभरात निवतो. भाऊ घरकुलात सामान ठेवतो आणि स्वतः बाहेर बाज टाकतो. स्लॅबलाही पांढरं करावंच लागतं.

---

जिंतूरकर (९ जून)

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला. हिशेब देतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस गेलो होतो. दीडशे रुपयांचं भिंतीवरचं थर्मामीटर घेऊन. पहिल्या दुपारी तीन वाजता बाहेर निंबाच्या सावलीत ३९, आत ४२. मावशी म्हणाली, "आकडा कळला, आता गार होणार का?"

तीन एलईडी, एक रेग्युलेटर. न्यूट्रल खरोखरच ढिला होता, वायरमनकाकांना दंडवत. सर्व्हिस वायरही पत्र्याला टेकलेली निघाली, ती आधी उचलून घेतली. मग मी आणि शेजारचा पोरगा मिळून पत्रा घासला, दोन हात पांढरा इमल्शन. आतून पाच लुगडी ताणली, मावशीने स्वतः शिवून दिली. त्यातलं एक माझ्या आईचं निघालं, तिकडे बघत ती बराच वेळ बसली होती. फटींना जाळी मारली. सगळं मिळून ४,३०० रुपये. आठवड्याने शेजारच्या पोराने फोनवर आकडे सांगितले: बाहेर ४०, आत ३८. रात्री फरक जाणवत नाही, दुपारी जाणवतो. मे महिन्याचं बिल ७९ युनिट. सेटटॉप बॉक्सचा दिवा अजून चालूच आहे, तिथे मी हरलो.

चुलीचं मात्र मी पूर्ण चुकीचं समजून चाललो होतो. सोनचाफा यांचं वाचून मावशीला सरळ विचारलं की सिलिंडर का वापरत नाहीस. चवीचं नाही आणि पैशाचंही पूर्ण नाही. गाडी गावात येतच नाही, दोन किलोमीटरवरच्या फाट्यावर थांबते. भरलेला सिलिंडर तिथून आणायचा कसा, म्हणून ती आहे तो पुरवून पुरवून वापरते. मागच्या वर्षी एकाने मोटरसायकलवर आणून द्यायचे शंभर रुपये घेतले होते. आता शेजारच्या पोराशी बोलून ठेवलंय, त्याच्या दुधाच्या फेरीला रिकामा नेईल आणि भरलेला आणेल. दर फेरीचे तीस रुपये आणि मावशीच्या हातची एक ताजी भाकरी, असं ठरलं. दोन महिन्यांत एक टाकी संपली, याआधी वर्षाला दोन लागायच्या. सकाळचा स्वयंपाक गॅसवर, संध्याकाळचा चुलीवर, कारण संध्याकाळी बायका चुलीपाशी येऊन बसतात. ते मी बदलायला जाणार नाही.

टोपलीतला भात दोनदा जमला, तिसऱ्यांदा लगदा झाला.

---

सोनचाफा (९ जून)

पाणी कमी घालायला सांगा, वाफ बाहेर जात नाही ना. आणि टोपली घट्ट दाबून भरायची. फाट्याचं वाचून गप्प झाले. मलाही सुचलं नव्हतं.

---

वऱ्हाडी_ठेचा (१० जून)

४,३०० झाले, मग उरलेले १,७०० कुठं गेले?

---

जिंतूरकर (१० जून)

परत केले तिने. नोटा मोजून, रुमालात बांधून. अर्धा डबा रंग उरला होता तो मात्र ठेवून घेतला आणि माझ्यामागे शेळ्यांच्या छपरावर मारला.

---

टोणगा (१० जून)

शेळ्यांचं रीडिंग?

---

जिंतूरकर (१० जून)

थर्मामीटर तिथेच टांगलंय सध्या. काल फोनवर म्हणाली, चुलत जावेच्या पत्र्याला रंग पुरला नाही, येताना एक डबा आण. आणि तो पांढराच आण, जाऊ निळा मागतीय.